दहा वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरला परवडणारे स्पीकर कोणते घ्यावेत?

प्रश्न (जुळे सोलापूर)

माझ्याकडे आठ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) स्पीकरला प्रत्येक चॅनेलवर १० वॅट देणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर आहे. बारा बाय दहाच्या खोलीत रात्री जेवणानंतर मी ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकतो. सध्याच्या स्पीकरवर तबल्याची जोरकस थाप आली की आवाज फाटतो, आणि आवाज कमी केला तर तानपुरा ऐकूच येत नाही. आठ हजारांत दोन जोड्या मिळत आहेत. एक नवी, लहान पेट्यांची, १०० वॅट, ४ ओहम आणि ८४ डेसिबल. दुसरी वापरलेली, मोठी, ६० वॅट, ८ ओहम आणि ९० डेसिबल. माझे १० वॅट यांपैकी कोणत्या जोडीला पुरतील?

उत्तर १

स्पीकरवर छापलेले वॅट म्हणजे त्याची सोसण्याची मर्यादा असते. तेवढी शक्ती दिलीच पाहिजे, असे मुळीच नाही. आपण डेसिबलचा आकडा पाहावा, कारण एक वॅट दिल्यावर एक मीटरवर आवाज किती येतो हे तो सांगतो. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. म्हणजे ९० डेसिबलच्या जोडीला जिथे २ वॅट पुरतात, तिथे ८४ च्या जोडीला ८ लागतील, आणि मग थापेच्या त्या क्षणासाठी आपल्या अ‍ॅम्प्लिफायरकडे जवळजवळ काहीच शिल्लक राहणार नाही. शिवाय तो आकडा बहुधा २.८३ व्होल्टवर मोजतात, आणि तेवढ्या व्होल्टला ४ ओहमचा स्पीकर एक नव्हे तर दोन वॅट घेतो. तसे असेल तर त्या ८४ चे खरे ८१ च धरावेत. माझे मत निःसंशय मोठ्या जोडीला आहे.

उत्तर २

वरील हिशेब बरोबर आहे, परंतु वापरलेली जोडी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. स्पीकरच्या पडद्याची, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या शंकूची, कड फोमची असेल तर ती पंधरा-वीस वर्षांत भुसभुशीत होते आणि बोट लावताच तुकडे पडतात. रबराची कड जास्त टिकते. पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबावा, आत खरखर लागली तर कॉइल, म्हणजे पडद्यामागची तारेची गुंडाळी, घासते आहे असे समजावे. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ओहम दाखवतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून, धन टोक लाल टर्मिनलला असताना दोन्ही पडदे बाहेर येतात का, हेही पाहावे.

उत्तर ३

मी थोडा वेगळा विचार मांडतो. आपण रात्री हळू आवाजातच ऐकणार असाल आणि चार फुटांवर बसू शकत असाल, तर लहान जोडीही चालेल, कारण अंतर निम्मे केल्यास सहापर्यंत डेसिबल मिळतात. मोठ्या पेट्या भिंतीला चिकटवल्या तर खालचे सूर घुमतात आणि डग्गा गढूळ होतो. आपल्याकडच्या शहाबादी फरशीवर जाड सतरंजी जरूर अंथरावी. त्याने वरच्या सुरांची कर्कश झळ कमी होते, घुमणे मात्र पेट्या पुढे ओढल्यावरच कमी होते.

प्रश्नकर्ता

काल अ‍ॅम्प्लिफायर सोबत नेऊन मोठी जोडी ऐकली. कड रबराची निघाली, पण सेल लावल्यावर डाव्या पेटीचा पडदा आत गेला. मागचे झाकण उघडले तर आतल्या वायरी उलट जोडलेल्या होत्या. त्या बदलताच इतका वेळ खोलीभर विखुरलेला गायिकेचा आवाज दोन्ही पेट्यांच्या बरोबर मध्ये आला, आणि मी तिथेच जोडी घेतली. आता ती भिंतीपासून दीड फूट पुढे ठेवली आहे.