बाळंतपणानंतर कपाटातले कपडे आपले वाटत नाहीत, काय करावे?

फोंडेकरीण (प्रश्न)

नमस्कार. मी फोंड्याहून रोज पणजीला एका खासगी बँकेत नोकरीसाठी जाते. प्रसूती रजा संपवून कामावर रुजू झाले आहे आणि बाळ आता रांगू लागले आहे. कॉलेजात असल्यापासून हातमागाच्या सुती साड्या, कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाउज, मोठी टिकली आणि मिळाला तर अबोलीचा वळेसर (गजरा) हे माझे ठरलेले रूप होते आणि त्यावरूनच ओळखीचे लोक मला लांबून ओळखत. आज साड्या सगळ्या आहेत, पण एकही ब्लाउज बसत नाही. गळ्यात काही घातले की बाळ ते ओढते, आणि सकाळच्या घाईत मी दोन-तीन सैल कुर्ते व लेगिंग्ज यांवरच भागवते. मला वजनाची तक्रार करायची नाही. आरशातली बाई नीटनेटकी असते, फक्त तिची आवडनिवड कुठे दिसत नाही. घरची मंडळी प्रेमाने सांगतात की हे दिवस बाळाचे, नटणे पुढे आहेच. त्यामुळे हा विषय काढायलाही संकोच वाटतो. अजून अंगावर पाजते आहे. जुने कपडे दुरुस्त करावेत, नवे घ्यावेत, की अंग उतरेपर्यंत थांबावे?

सुईदोरा, मडगाव

थांबू नका. मी शिवणकाम करते आणि 'अंग उतरले की घालीन' म्हणून ठेवलेले कपडे वर्षानुवर्षे तसेच पडलेले पाहते. बाळंतपणानंतर वजन उतरले तरी बरगड्यांचा घेर, छाती आणि कंबर यांचे आपसातले प्रमाण बदललेले असू शकते, म्हणून जुन्या मापाचा ब्लाउज पुढे बसेलच असे नाही. साडीला मात्र माप नसते. अडचण फक्त ब्लाउजची आणि परकराची आहे, म्हणजे तुमचे निम्म्याहून अधिक काम आधीच झालेले आहे.

सर्वांत आधी जुने ब्लाउज उलटे करून शिवणीच्या आत किती माया सोडली आहे ते पाहा. दोन्ही बाजूंना पुरेसे कापड असेल तर टेलर ते सहज सैल करून देईल. माया नसेल तर काखेपासून कमरेपर्यंत त्याच रंगाची किंवा मुद्दाम विरुद्ध रंगाची पट्टी जोडता येते, आणि खणाची पट्टी असेल तर ती दुरुस्ती न वाटता नक्षीच वाटते. यांखेरीज सध्याच्या मापाचे दोनच नवे ब्लाउज शिवा, एक काळा आणि एक कुसुंबी किंवा मोहरी रंगाचा, म्हणजे बहुतेक साड्यांवर चालतील. हुक पुढच्या बाजूला घ्या, कापड सुती घ्या आणि त्यांना भरपूर माया सोडायला सांगा, कारण पाजणे थांबल्यावर छातीचे माप पुन्हा बदलेल. सिझेरियन झाले असेल आणि परकराची नाडी टाक्यांजवळ घासत असेल, तर नाडीऐवजी रुंद पट्टा आणि बाजूला हुक असलेला परकर शिवून घ्या.

बँकेत दूध काढावे लागत असेल तर हेही लक्षात घ्या. कायद्यानुसार बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीशिवाय दिवसातून दोनदा स्तनपानासाठी वेळ मिळतो. २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली ती सर्वांना ठाऊक असते, हे ठाऊक नसते. त्या थोड्या वेळात पाठीमागे चेन (झिप) असलेला पोशाख फार अडचणीचा ठरतो, आणि पुढून उघडणारा ब्लाउज व वर पदर ही सर्वांत सोयीची जोडी आहे.

ओसरी, म्हापसा

वरील सर्व मान्य, पण कुर्त्यांना इतके कमी का लेखावे? रोज सकाळी निऱ्या घालण्याइतका वेळ नसेल तर नसेल. तुमची आवड हातमागाच्या सुती कापडात आहे, ती कुर्त्यातही उतरू शकते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला या, मनासारखे कापड निवडा आणि पुढे बटणे घेऊन गुडघ्याखाली येणारा सरळ कुर्ता शिवा. तयार कपड्यांत मिळणारे 'आईसाठीचे' फुलाफुलांचे गाऊनवजा प्रकार मला तरी बघवत नाहीत.

शेवंती, डिचोली

माझी मुले मोठी झाली, तरीही लिहिते. नटणे आणि मूल सांभाळणे यांचे वैर कोणी लावले कोण जाणे. आपल्याकडच्या कुणबी बायकांची लाल चौकड्यांची जाड सुती साडी पाहा. खांद्यावर गाठ मारलेली आणि आखूड नेसलेली, शेतात राबताना अडथळा होणार नाही अशी, आणि तरी तिचा रंग दुरूनही नजरेत भरतो. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा लोकांसमोर आणली. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता ती सहावारीतही मिळते, धुवायला सोपी असते, आणि तुमच्या काळ्या ब्लाउजवर उत्तम दिसेल.

दागिन्यांचे म्हणाल तर गळा मोकळा ठेवा आणि कानांत घट्ट बसणारी कुडी घाला; लोंबते काही नको. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बऱ्याच जणींचे केस गळतात आणि साधारण वर्षभरात ते सावरते, त्यामुळे आंबाडा लहान झाला म्हणून वळेसर सोडू नका, आखूड माळा. चपला मात्र पुन्हा मापून घ्या. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात आणि काहींचे पाऊल कायमचे थोडे वाढते. आणखी एक, खळ दिलेल्या साड्या पावसाळ्यात तशाच कपाटात ठेवू नका. खळीला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. धुऊन, खळ काढून ठेवा आणि नेसण्याच्या आदल्या दिवशी द्या.

फोंडेकरीण

सर्वांचे आभार. ब्लाउज उलटे करून पाहिले. निम्म्यांना माया आहे, बाकीच्यांना पट्टी लावीन. शेवंतीताई, खळीचे कळले, पण बाळाला कडेवर घेतले की खळीची साडी लगेच चुरगळते. त्यावर काही उपाय?

शेवंती, डिचोली

खळ देऊच नका. मऊ, धुऊन धुऊन मुरलेली सुती साडी नेसा, ती चुरगळली तरी वाईट दिसत नाही. कडक साड्या चवथीला आणि जत्रेला, बाळाला दुसऱ्या कोणी घेतलेले असताना.

सुईदोरा, मडगाव

आणि पदर पिनेने टाचायचा असेल तर झाकण असलेली सेफ्टी पिन आतल्या बाजूने लावा. उघडी पिन बाळाच्या गालाला लागते.