मदत हवी आहे: दहा टायरची गाडी (ट्रक) घेऊन स्वतः चालवायची आहे, घेऊ का?

निफाडचा_पोरगा
नमस्कार मंडळी. २०१९ ची दहा टायर गाडी बघितली आहे. मालक १४ लाखांवर अडून बसलाय. माझ्याकडे ५ आहेत, बाकीचं फायनान्सवाला करून देतोय. स्वतःच चालवणार, म्हणजे ड्रायव्हरचा पगार वाचेल. ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याने काम देतो म्हणून सांगितलंय. रविवारपर्यंत टोकन द्यायचं आहे, नाहीतर गाडी दुसरा नेणार. घ्यावी की नाही तेवढंच सांगा. नोकरी कर असं सांगायला घरचे आहेत.

घाटवाट
एवढ्यावरून कोण काय सांगणार भाऊ? माल कुठला, लाईन कुठली, हप्ता किती बसतोय? लायसन हेवीचं आहे का? याआधी मोठी गाडी चालवली आहेस का?

निफाडचा_पोरगा
कांदा. पिंपळगावहून चेन्नई, बंगळुरू, कधी दिल्ली. येताना मिळेल ते. लायसन आहे. हप्त्याचं मी बघून घेईन, गाडी घेण्यासारखी आहे का ते सांगा.

दहा_टायरवाले_काका
गाडी घेण्यासारखी असेलही, प्रश्न भाड्याचा आहे. मी वीस वर्षं याच लाईनीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिंपळगाव ते चेन्नई साधारण १,३०० किमी. भरलेली गाडी लिटरला चार किमीचा ऍव्हरेज देते असं धर. ३२५ लिटर डिझेल लागलं. ९० रुपये भाव धरला तरी एका बाजूचे २९ हजार झाले. त्यावर टोल, ताडपत्री-दोर, वाटेतलं जेवण, उतरवतानाची वाराई (हमाली), दलालाचं कमिशन. एवढं सगळं जाऊन कांद्याच्या भाड्यात थोडं उरतं. खरी कमाई परतीच्या भाड्यात असते. चेन्नईत गाडी खाली झाली आणि परतीचं भाडं मिळायला चार दिवस लागले, तर तो हप्ता घरातूनच भरावा लागतो. तुला तिकडे भाडं कोण देणार? तिथल्या एका तरी ट्रान्सपोर्टवाल्याचा नंबर आहे का तुझ्याकडे?

दुसरं म्हणजे पैसे. बाजारातल्या दलालाकडून भाडं घेतलंस तर मोठा ऍडव्हान्स हातात पडतो, बाकी पोच दिल्यावर. ओळखीच्या ट्रान्सपोर्टकडे गाडी लावलीस की महिना-दीड महिना उधारी चालते. डिझेल मात्र रोखीनेच भरावं लागतं. ५ लाख डाऊन पेमेंटला घातलेस तर पहिले दोन महिने गाडी कशावर पळणार? माझ्या डोळ्यांदेखत ज्या पोरांच्या गाड्या फायनान्सवाल्याने ओढून नेल्या, त्यातल्या बहुतेकांच्या इंजिनात काही खोट नव्हती. हातात खेळता पैसा नव्हता.

मोसम_खोरे
काकांना अनुमोदन. कांदा सडतो हेही ध्यानात घे. पावसाळ्यात ताडपत्री नीट बांधली नाही किंवा वाटेत टायर फुटून दिवस गेला, की गोणीतून पाणी सुटतं आणि व्यापारी भाड्यातून कापून घेतो. डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली ती मे २०२४ ला उठली. तेवढे महिने आमच्या गावातल्या न्हावा-शेवा बंदराच्या लायनीच्या गाड्यांना काम नव्हतं. एकाच मालावर हप्ता बांधू नकोस.

नवीनच_घ्या
जुनी गाडी म्हणजे गॅरेजवाल्याचं घर भरणं. सरळ नवीन बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची) घ्या, वॉरंटी मिळते, ऍव्हरेज चांगला. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिनही सक्तीची आहे. उन्हाळ्यात आंध्रात गेलात की एसीची किंमत कळेल.

घाटवाट
५ लाखवाल्याला नवीन घे म्हणताय? हप्ता कोण भरणार? शिवाय बीएस-६ ला धूर साफ करायला युरियाचं पाणी लागतं आणि सेन्सर गेला की गाडी जोरच धरत नाही. आडरानात दुरुस्त करणार कोण? २०१९ ची बीएस-४ कुठलाही मिस्त्री उघडतो.

नवीनच_घ्या
आणि दिल्लीला कसे जाणार? दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-४ मालगाड्यांना तिथे ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मुभा आहे. धागाकर्ते वर दिल्ली म्हणालेत.

घाटवाट
हे बरोबर आहे. दिल्ली सोडूनच हिशोब कर रे.

ब्रॅम्प्टनकर
कॅनडात या, इथे स्वतःचा ट्रक असलेल्यांना मान आहे. ऑन्टारियोत जुलै २०१७ पासून मोठ्या लायसनसाठी किमान १०३.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. आपल्याकडेही हे हवं.

मोसम_खोरे
त्याला रविवारपर्यंत टोकन द्यायचं आहे, व्हिसा नाही काढायचा. विषयांतर नको.

मधुरा_हिशोबनीस
करांबद्दल कोणी विचारलं नाही, पण माहीत असावं. दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्यांना प्राप्तिकरात ठोक पद्धत घेता येते. १२ टनांवरच्या गाडीला एकूण वजनाच्या दर टनामागे महिना १,००० रुपये उत्पन्न धरतात. तुमची २८ टनांची असेल तर महिना २८ हजार, वर्षाला ३ लाख ३६ हजार. गाडी दारात उभी असली तरी धरतात. ट्रान्सपोर्टला पॅन आणि डिक्लरेशन द्या म्हणजे टीडीएस कापणार नाहीत. विम्याचंही बघा: २० ते ४० टनांच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकात ४३,९५० रुपये आहे, स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा. नॅशनल परमिटचे वर्षाला १६,५०० आणि ऑथोरायझेशनचे १,०००. हे महिन्यावारी बाजूला ठेवा, नाहीतर एकदम अंगावर येतं.

निफाडचा_पोरगा
सगळ्यांचे आभार, पण घाबरवूच नका. लायसन कारचं आहे, ट्रॅक्टर लहानपणापासून चालवतो. सुप्रीम कोर्टाने कारच्या लायसनवर ट्रान्सपोर्टची गाडी चालते असा निकाल दिला ना? हप्ता ३० हजारांच्या आसपास बसतो. ट्रान्सपोर्टवाला तोंडी बोललाय, चांगला माणूस आहे.

घाटवाट
हे आधी सांगायचं होतंस! तो नोव्हेंबर २०२४ चा निकाल ७,५०० किलोपर्यंतच्या गाड्यांचा आहे. दहा टायरचं पासिंगच (मालासकट मंजूर वजन) २८ टनांचं असतं. तुला हेवी ट्रान्सपोर्टचं लायसन काढावंच लागेल. त्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई तुझ्याकडून वसूल करू शकते, शेत विकावं लागेल. आणि लायसन हातात येईपर्यंत ड्रायव्हर ठेवावा लागणार. म्हणजे पगार वाचतो हा तुझा हिशोबच मोडला.

दहा_टायरवाले_काका
पोरा, राग मानू नकोस. ट्रॅक्टर वेगळा आणि अठरा टन माल पाठीवर घेऊन कसारा घाट उतरणं वेगळं. घाटात गाडी गिअरवर उतरवतात. ब्रेकवर उतरवलीस की ब्रेकचे लायनर तापतात, जळका वास येतो आणि त्यानंतर पॅडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. हे शेजारी उस्ताद बसल्याशिवाय येत नाही. एक कांद्याचा हंगाम कोणाच्या तरी गाडीवर जा. लायसन निघेल, हात बसेल, चेन्नई-बंगळुरूच्या दलालांचे नंबर होतील, वाराई कुठे किती घेतात ते कळेल. गाड्या पुढच्या वर्षीही विकायला असतातच.

नवीनच_घ्या
किंवा पिकअपपासून सुरुवात करा. कारच्या लायसनवर चालते, नाशिक-वाशी भाजीपाला आहे.

मोसम_खोरे
पिकअपला भाडं कुठे मिळतं आता? दर दुसऱ्या घरात एक उभी आहे.

निफाडचा_पोरगा
काका, तुमचं पटतंय, पण गाडी हातची जाईल. टोकन देऊन ठेवलं आणि नंतर नाही घेतली तर परत मिळतं का?

घाटवाट
कागदावर लिहून घेतलं असेल तरच भांडता येतं. टोकन द्यायच्या आधी गाडी नंबर परिवहन ऍपवर टाक. फिटनेस, परमिट, विमा, टॅक्स कधीपर्यंत आहे ते दिसेल. ई-चलनं वेगळी तपास, ओव्हरलोडचं एक चलन २० हजारांपासून सुरू होतं, वर दर जादा टनामागे २ हजार. आरसीवर आधीच्या फायनान्सचा बोजा असेल तर त्यांची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) मिळेपर्यंत रुपया सोडू नको. नंबर इथे जाहीर टाकू नकोस, काय दिसतं तेवढं लिही.

निफाडचा_पोरगा
बघितलं. फिटनेस संपायला दोन महिने आहेत. बोजा दाखवतोय. मालक म्हणतो शेवटचे हप्ते राहिलेत, तुमच्या पैशातून भरतो.

दहा_टायरवाले_काका
मग रविवारी टोकन देऊ नकोस. त्याला आधी बोजा उतरवून फिटनेसचं पासिंग करून आण म्हणावं. तुझं हेवीचं काय ते आरटीओत उद्याच विचार, आणि सिन्नरच्या बाजूला यायला जमत असेल तर मला व्यनि (खाजगी निरोप) कर.