स्प्रिंगचा 'के' दर वजनाला वेगळा येतोय, आणि अर्धी ऊर्जा हिशेबात सापडत नाही

बारावी_सोलापूर

प्रॅक्टिकलला स्प्रिंगचा बल स्थिरांक (के, म्हणजे स्प्रिंग किती कडक आहे ते) दोन पद्धतींनी काढायचा आहे. वजन लावून ताण मोजला तर दर ५० ग्रॅमला ४ सेंमी, म्हणजे के = १२.२ न्यूटन प्रति मीटर. हे प्रत्येक वजनाला बरोबर जुळतं.

दोलनांनी काढायला गेलं की बिघडतं. २० दोलनांचे वेळ:

१०० ग्रॅम – १२.२ सेकंद
१५० ग्रॅम – १४.६ सेकंद
२०० ग्रॅम – १६.७ सेकंद
२५० ग्रॅम – १८.५ सेकंद

सूत्रात (के = ४π² गुणिले वस्तुमान भागिले एका दोलनाच्या वेळेचा, म्हणजे दोलनकालाचा, वर्ग) घातल्यावर के येतो १०.६, ११.१, ११.३, ११.५. वजन वाढलं की स्प्रिंग कडक होते का? हँगरचं (वजनं ठेवायच्या दांड्याचं) वजन धरलेलं आहे. स्प्रिंग ४५ ग्रॅमची आहे. शिवाय १०० ग्रॅमला वर-खाली हलणारं वजन थोड्या वेळाने झोपाळ्यासारखं आडवं डोलायला लागतं, बाकीच्या वजनांना तसं होत नाही.

दुसरी शंका. २०० ग्रॅम लावल्यावर स्प्रिंग १६ सेंमी ताणली जाते. वजन खाली आलं म्हणून गुरुत्वाची स्थितिज ऊर्जा ०.३१३ ज्यूल कमी झाली. स्प्रिंगमध्ये मात्र ०.१५६ ज्यूलच साठली. बरोबर अर्धी. उरलेली अर्धी कुठे गेली?

दोलक

स्प्रिंग कडक होत नाही. तुमचे आकडे चांगलेच आलेत, उलट त्यातूनच उत्तर निघतं.

सूत्रात जे वस्तुमान घालता ते फक्त खाली लटकलेलं आहे. पण हलते ती स्प्रिंगसुद्धा. तिचं वरचं टोक हुकात अडकलेलं, तिथे वेग शून्य. खालचं टोक वजनाच्याच वेगाने धावतं. मधल्या वेढ्यांचा वेग वरून खाली प्रमाणात वाढत जातो. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, आणि शून्यापासून एकपर्यंत सरळ वाढणाऱ्या राशीच्या वर्गाची सरासरी १/३. म्हणून स्प्रिंगच्या ४५ ग्रॅमपैकी १५ ग्रॅम वजनात मिळवायचे.

करून बघा: १०० च्या जागी ११५ घातलं की १२.२. २५० च्या जागी २६५ घातलं की तेही १२.२. हलक्या वजनाला १५ ग्रॅमची चूक जास्त जाणवते, म्हणून तुमचा के वजनाबरोबर 'वाढत' होता.

वहीत मात्र असं एकेक दुरुस्त करून लिहू नका. दोलनकालाचा वर्ग उभ्या अक्षावर, वस्तुमान किलोग्रॅममध्ये आडव्यावर घेऊन आलेख काढा. रेषा आरंभबिंदूतून जाणार नाही. पोरं ती पट्टीने ओढूनताणून शून्यातून नेतात आणि तिथेच मार्क घालवतात. चढ साधारण ३.२२ येईल, ३९.४८ (म्हणजे ४π²) भागिले चढ म्हणजे के. रेषा डावीकडे वाढवली की आडव्या अक्षाला उणे १५ ग्रॅमच्या आसपास छेदेल. हँगरचं वजन धरायला विसरलात तरी चढ बदलत नाही, फक्त हा छेद तेवढा सरकतो. छेद उणे ६५ वर आला, तर ५० ग्रॅमचा हँगर राहिला समजा.

ताणाच्या पद्धतीत गुरुत्व त्वरण 'जी' ९.७८ घ्या. सोलापूरला ९.८१ नाही. फरक ०.३ टक्क्याचाच आहे, पण दोलनाच्या पद्धतीत 'जी' येतच नाही, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

ऊर्जा_मास्तर

अर्ध्या ऊर्जेचं सांगतो. तुम्ही 'वजन १६ सेंमी खाली आलं' म्हणता, पण कसं आलं ते धरलं नाही. मूळ लांबीवर धरून एकदम सोडलंत तर ते १६ सेंमीवर थांबत नाही. तिथे त्याचा वेग सर्वांत जास्त असतो, सेकंदाला सव्वा मीटर, आणि तुमचे हरवलेले ०.१५६ ज्यूल त्या वेगात असतात (स्प्रिंगचं वस्तुमान सोडून). वजन ३२ सेंमीपर्यंत उतरतं. तिथे मोजा: गुरुत्वाने दिले ०.६२६, स्प्रिंगमध्ये ०.६२६. हिशेब चोख. पुढे हवेत आणि स्प्रिंगच्या तारेत ऊर्जा मुरत जाऊन वजन १६ वर स्थिरावतं, तेव्हा ती अर्धी उष्णतेत गेलेली असते. हाताने हळूहळू उतरवलंत तर तीच अर्धी तुमच्या हाताने अडवली.

परीक्षेतली खरी चूक वेगळीच. समतोल स्थितीपासून वाय अंतर मोजून अर्धा के वाय वर्ग लिहितात, आणि वर गुरुत्वाची ऊर्जाही मिळवतात. स्प्रिंगचा एकूण ताण १६ अधिक वाय. त्याचा वर्ग सोडवला की वायच्या पहिल्या घाताचं पद गुरुत्वाच्या पदाशी कटतं, कारण समतोलात के गुणिले १६ सेंमी म्हणजेच वजनाचं बल. उरतो अर्धा के वाय वर्ग. गुरुत्व त्यात जमा झालेलंच असतं.

आता दोलकने सांगितलेलं इथे बघा. २०० ग्रॅम, आयाम (समतोलापासून टोकापर्यंतचं अंतर) ३ सेंमी: टोकाला ऊर्जा ५.५ मिलिज्यूल. दोलनकाल ०.८३५ सेकंद, म्हणून मधला वेग सेकंदाला २२.६ सेंमी. नुसत्या २०० ग्रॅमची गतिज ऊर्जा ५.१ भरते. राहिलेले ०.४ स्प्रिंगच्या वेढ्यांत धावतायत. २१५ ग्रॅम घेतलेत की ५.५ पुरे.

अक्कलकोट_रोड

१०० ग्रॅमला डोलतं त्याचं कारण दोन दोलनकालांचं गणित. हुकापासून वजनाच्या मध्यापर्यंत ताणलेल्या स्थितीत मोजा. साधारण ३९ सेंमी भरत असेल, तर लंबकाचा दोलनकाल १.२५ सेकंद. वर-खालीचा ०.६१. एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट झाला की उभ्या दोलनाची ऊर्जा आडव्यात जाते, परत येते, पुन्हा जाते. उपाय सोपा: हूक आणि स्प्रिंगमध्ये २० सेंमी दोरा बांधा, लंबकाचा काळ दीड सेकंदावर जाईल. आयाम २–३ सेंमीच ठेवा. १०० ग्रॅमला तो ९ सेंमीच्या पुढे गेला तर वर पोचल्यावर खाचेची वजनं हँगरवरून उचलली जातात आणि आदळतात.

मोजताना टोकापासून नाही, मधल्या रेषेपासून सुरू करा. तिथे वजन वेगात असतं, रेषा ओलांडल्याचा क्षण पकडता येतो. पहिल्या ओलांडणीला 'शून्य' म्हणा, 'एक' नाही. एक म्हणालात की १९ दोलनं मोजली जातात आणि के १० टक्क्यांहून जास्त वाढतो. स्टँड टेबलाला क्लॅम्पने आवळा. आणि पंखा बंद. मार्चमध्ये सोलापुरात ते जिवावर येतं, पण वाऱ्याने वजन आडवं ढकललं जातं.

कुणी यंत्रमागाच्या सुट्या भागांच्या दुकानातली स्प्रिंग आणत असाल तर बघून घ्या. वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तर त्यात आधीचा ताण भरलेला असतो. ठरावीक वजनापर्यंत ती उघडतच नाही. ताणाचा आलेख तिथून पुढे सरळ येतो, म्हणून चढच घ्या. दोलनातही वेढे वर येऊन मिटता कामा नयेत, मिटले की टकटक ऐकू येते आणि ती सरल आवर्त गती राहत नाही.

बारावी_सोलापूर

आलेख काढला. चढ ३.२२, छेद उणे १५. १०० ग्रॅमला लांबी ३९ नाही, ३८.५ भरली. दोरा बांधल्यावर डोलणं थांबलं. पण दोऱ्याचं वजन धरायचं का?

दोलक

दोरा वरच्या बाजूला आहे, तो हलतच नाही. नाही धरायचं. फक्त न ताणणारा घ्या. रबरी किंवा नायलॉनचा घेतलात तर तीही स्प्रिंगच झाली, आणि एकाखाली एक दोन स्प्रिंगा लावल्यावर के कमी होतो.