एनएफएस सर्व्हरसाठी कर्नल पुन्हा कंपाइल करावा का? रेंडर सुरू झालं की सगळेच अडकतात

फ्रेमवाला_कोथरूड

आमचा छोटा ॲनिमेशन स्टुडिओ आहे. सहा रेंडर मशीन, चार आर्टिस्ट, सगळे ब्लेंडरवर आणि सगळीकडे लिनक्स. मधे एक फाइल सर्व्हर, तो एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वाटायची पद्धत) सगळ्यांना फाइली देतो: डेबियन १२, ६४ जीबी रॅम, चार हार्ड डिस्कचं रेड ५ (डिस्क जोडून केलेला एकच साठा), त्यावर ईएक्सटी४ फाइल सिस्टिम. सर्व्हरला १० गिगाबिटचं कार्ड आहे, बाकी मशीन १ गिगाबिटवर.

दिवसभर ठीक चालतं. रेंडर मशीन ईएक्सआर फ्रेम (चित्रांच्या फाइली) लिहायला लागल्या की आर्टिस्ट लोकांची बोंब सुरू. फोल्डरची यादी बघायला नुसतं एलएस मारलं तरी अर्धं-अर्धं मिनिट काही येत नाही, मग अचानक सगळं सुटतं. सर्व्हरचा सीपीयू मात्र निवांत असतो. आधी १६ जीबी रॅम होती, ती वाढवली तर त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढला!

एका ओळखीच्यांनी सांगितलं की कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) एनएफएसचे पर्याय चालू करून तो पुन्हा कंपाइल कर. मी ते कधी केलेलं नाही. करावं का? की थेट एसएसडी घ्यावेत? (साहेब एसएसडीचं नाव काढलं की विषय बदलतात.)

भावड्या_रूट

भावा, एक्स्पोर्ट्सच्या फाइलीत सिंक काढून असिंक टाक. आणि एनएफएसडीचे (एनएफएसच्या सर्व्हर प्रोग्रॅमचे) थ्रेड २५६ कर. पळायला लागेल.

निवृत्त_सिसॅडमिन

कंपाइल अजिबात करू नका. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. बूट फोल्डरमध्ये कर्नलची कॉन्फिग फाइल पडलेली असते, ती उघडा. 'कॉन्फिग_एनएफएसडी' पुढे 'एम' दिसेल, म्हणजे मॉड्यूल म्हणून तो आधीच आहे. एनएफएसच्या व्ही४ आवृत्तीचा पर्यायही चालूच असतो. डेबियनवाल्यांनी हे काम तुमच्यासाठी केव्हाच करून ठेवलंय. तुम्हाला हात घालायचाय तो चालत्या कर्नलच्या सेटिंगांमध्ये, म्हणजे सिसकंट्रोलमध्ये.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य रॅमचं आहे. 'डर्टी' म्हणजे रॅममध्ये आलेला पण डिस्कवर अजून न उतरलेला डेटा. 'व्हीएम.डर्टी_रेशिओ' मुळात २० असतो आणि 'व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_रेशिओ' १०. हे टक्के आहेत, वापरता येण्याजोग्या मेमरीचे. १६ जीबीत २० टक्के म्हणजे तीनेक जीबी. ६४ जीबीत तेच बारा जीबीच्या आसपास. सहा मशीन मिळून सेकंदाला सहाशे एमबीपर्यंत ढकलू शकतात. चार फिरत्या डिस्कच्या रेड ५ वर सहा ठिकाणांहून एकदम लिखाण आलं तर दीडशे-दोनशे एमबी निघाले तरी नशीब समजा. उरलेलं रॅममध्ये साठत जातं. मग क्लायंट (सर्व्हरशी जोडलेलं मशीन) फाइल बंद करताना 'कमिट' मागतो, म्हणजे डेटा डिस्कवर पक्का करायला सांगतो, किंवा मर्यादा भरते, आणि तुंबलेलं सगळं डिस्कवर उतरेपर्यंत प्रत्येक जण ताटकळतो.

एलएस का अडकतं? डेबियन १२ वर एनएफएसडीचे थ्रेड मुळात आठ. आठही जण डिस्कची वाट बघत बसले की नववी विनंती, मग ती फोल्डरची यादी का असेना, घ्यायला माणूसच नाही. पुढच्या वेळी अडकेल तेव्हा सर्व्हरवर पीएस (चालू प्रोग्रॅमची यादी) मारा आणि एनएफएसडीच्या ओळींत स्टेट बघा. आठही 'डी' (डिस्कची वाट बघत अडकलेले) दिसले तर माझं बरोबर. सोबत मेमइन्फोमधली 'डर्टी' ओळ वॉच लावून बघत बसा.

सिसकंट्रोल.डी मध्ये एक फाइल करून त्यात हे दोन टाका:

व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स = २६८४३५४५६
व्हीएम.डर्टी_बाइट्स = १०७३७४१८२४

म्हणजे २५६ एमबीला लिखाण सुरू, १ जीबीला थोपवणं. बाइट्स दिले की टक्केवाले आकडे आपोआप शून्य होतात, ते बघून घाबरू नका.

थ्रेड ३२ करा. २५६ नको. थ्रेड वाढवून डिस्क जोरात फिरत नाही, फक्त एलएसवाल्याला दार उघडं राहतं. कायमचं एनएफएस.कॉन्फमध्ये लिहा, पण आत्ता चालू सर्व्हरवर 'आरपीसी.एनएफएसडी ३२' एवढं पुरतं. सेवा रीस्टार्ट केलीत तर व्ही४ चा ९० सेकंदांचा ग्रेस पिरियड लागतो आणि तेवढा वेळ पुन्हा बोंब.

जुन्या लेखांत एनएफएसडीच्या आकडेवारीतली 'टीएच' ओळ वाचायला सांगतात. त्यातले हिस्टोग्रामचे आकडे आता शून्यच येतात, त्यावरून काही ठरवू नका. त्याऐवजी 'पूल_स्टॅट्स' ही फाइल बघा. त्यात 'सॉकेट्स-एन्क्यूड' (मोकळा थ्रेड नाही म्हणून रांगेत लागल्याची मोजणी) झपाझप वाढत असेल तर थ्रेड कमी पडतायत.

आणि भावड्या, असिंकचं. व्ही३ पासून क्लायंट प्रत्येक लिखाणाला डिस्कची वाट बघतच नाही, ती 'कमिट'च्या वेळी बघतो. तोवर डेटा स्वतःकडे धरून ठेवतो. मधेच सर्व्हर पडून उठला तर त्याचा व्हेरिफायर (सर्व्हरचा ओळख-आकडा) बदललेला दिसतो आणि क्लायंट सगळं परत पाठवतो. इतकी छान सोय आहे ही. असिंक लावलं की सर्व्हर डिस्कवर न लिहिताच 'झालं' म्हणतो, क्लायंट आपली प्रत सोडून देतो. मग लाइट गेली की फ्रेम गेल्या, आणि कुठल्या गेल्या तेही कोणी सांगत नाही.

भावड्या_रूट

काका, आमच्याकडे असिंकच आहे, काही झालं नाही अजून.

निवृत्त_सिसॅडमिन

यूपीएस चांगला असेल. बॅटरीची तारीख बघून ठेव.

फ्रेमवाला_कोथरूड

काका, तुम्ही म्हणालात तसंच. अडकलं तेव्हा पीएसमध्ये आठच्या आठ 'डी', आणि 'डर्टी' ११ जीबीच्या वर. दोन्ही बाइट्स टाकले, थ्रेड ३२ केले. काल रात्रीचं रेंडर चालू असताना मी स्वतः बसून एलएस मारत होतो. सेकंद-दोन सेकंद लागतात कधीकधी, पण थांबत नाही. 'डर्टी' १ जीबीच्या आतच राहतंय.

फक्त रेंडर मशीन आता फ्रेम लिहिताना थोड्या हळू वाटतात. ते चालेल, रात्री बघतंय कोण. पण काही करता येईल का?

निवृत्त_सिसॅडमिन

हळू वाटणारच. आधी रॅममध्ये उधारीवर लिहीत होत्या, आता डिस्कच्या वेगाने लिहितायत. एकूण रात्र तेवढीच लागेल.

रेड ५ चा 'स्ट्राइप_कॅश_साइझ' (लिखाण जुळवायला रॅममधली राखीव जागा) मुळात २५६ असतो, तो ४०९६ करून बघा. चार डिस्कना ६४ एमबी रॅम खाईल, तुमच्याकडे रग्गड आहे. हा सिसकंट्रोलमध्ये नसतो, सिस फोल्डरमध्ये एमडी०च्या खाली सापडेल. रीबूट केला की पुन्हा २५६ होतो, त्यामुळे फरक पडला तर यूडेवचा नियम (मशीन सुरू होताना सेटिंग आपोआप लावणारा) लिहून टाका.

फ्रेमवाला_कोथरूड

रविवारी स्टुडिओ बंद असतो, तेव्हा करतो. यूडेवचा नियम जमला नाही तर इथेच विचारेन.