सिलॉजिझम : रोज सराव करूनही ‘किंवा’चे आणि ‘शक्यता आहे’चे प्रश्न चुकतात

गोदाकाठ

नमस्कार. मी आयबीपीएसच्या (बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) लिपिक पदाच्या पूर्वपरीक्षेची तयारी करीत असून परीक्षा मराठीतून देणार आहे. रीझनिंगच्या (तर्कक्षमतेच्या) ३५ प्रश्नांना २० मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३४ सेकंद. बैठकव्यवस्था आणि कोडी यांतच बराच वेळ जात असल्याने सिलॉजिझमचे, म्हणजे दिलेल्या विधानांतून कोणता निष्कर्ष निघतो हे ओळखण्याचे, तीन-चार प्रश्न हातचे समजून ते आधी सोडवावेत, असा माझा विचार होता. गेले दीड महिना रोज दहा प्रश्न सोडवूनही दहापैकी सहा-सातच बरोबर येतात, आणि चुकतात ते नेहमी त्याच दोन प्रकारचे. दोन्हींचे एकेक उदाहरण देतो.

पहिले. विधाने : सर्व वह्या पुस्तके आहेत. काही पुस्तके पाट्या आहेत. एकही पाटी खडू नाही. निष्कर्ष : (१) काही वह्या पाट्या आहेत. (२) एकही वही पाटी नाही. दोन्ही निष्कर्ष खात्रीने निघत नाहीत, म्हणून मी ‘१ व २ दोन्ही निघत नाहीत’ असे उत्तर दिले. उत्तरसूचीत ‘१ किंवा २ निघतो’ असे आहे.

दुसरे. विधाने : फक्त काही चमचे ताटे आहेत. सर्व ताटे वाट्या आहेत. निष्कर्ष : सर्व चमचे वाट्या असण्याची शक्यता आहे. विधानातच ‘फक्त काही’ म्हटले असताना ‘सर्व’ची शक्यता कशी उरेल, असे वाटून मी निष्कर्ष निघत नाही असे ठरविले. उत्तरसूचीनुसार तो निघतो.

सूत्रांचे दोन तक्ते पाठ केले आहेत, पण प्रश्न समोर आला की कोणते सूत्र लावायचे हेच सुचत नाही. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जात असल्याने अंदाजाने खूण करण्याचेही धाडस होत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

काउंटर_क्रमांक_३

मी तीन वर्षांपूर्वी याच परीक्षेतून लिपिक म्हणून रुजू झाले. सूत्रांचे तक्ते प्रथम बाजूला ठेवा आणि कच्च्या कागदावर वर्तुळे काढा.

तुमचे पहिले उदाहरण घेऊ. पुस्तकांचे मोठे वर्तुळ काढा आणि त्याच्या आत डावीकडे वह्यांचे लहान वर्तुळ काढा. आता पाट्यांचे वर्तुळ पुस्तकांना उजव्या कडेने छेदेल असे काढा, म्हणजे ‘काही पुस्तके पाट्या आहेत’ हे विधान पूर्ण झाले. या आकृतीत वह्या आणि पाट्या एकमेकींना शिवतही नाहीत, त्यामुळे दुसरा निष्कर्ष खरा वाटतो. बहुतेक जण येथेच थांबतात. आता तेच पाट्यांचे वर्तुळ डावीकडे सरकवून वह्यांवर थोडेसे चढवा. तिन्ही विधाने अजूनही शाबूत आहेत, पण या वेळी पहिला निष्कर्ष खरा आणि दुसरा खोटा ठरतो. निष्कर्ष ‘निघतो’ असे म्हणायचे असेल तर तो विधानांत बसणाऱ्या प्रत्येक आकृतीत खरा असला पाहिजे. तो मोडणारी एक आकृती सापडली तरी पुरे. म्हणून पहिली आकृती काढल्यावर ‘हे बरोबर आहे का’ असे न विचारता ‘हे मोडता येते का’ असे विचारण्याची सवय लावा.

आता ‘किंवा’बद्दल. दोन्ही निष्कर्ष सुटे सुटे मोडता आले, हे तुमचे बरोबरच आहे. मात्र ते दोन्ही एकाच आकृतीत मोडून दाखवा पाहू. ते जमणार नाही, कारण वह्या आणि पाट्या एकमेकींना कुठे ना कुठे शिवतील किंवा मुळीच शिवणार नाहीत. तिसरा मार्ग नाही. अशी जोडी दिसली आणि दोन्ही बाजू अनिश्चित असल्या की उत्तर ‘किंवा’चे येते. ‘सर्व वह्या पाट्या आहेत’ आणि ‘काही वह्या पाट्या नाहीत’ ही जोडीसुद्धा तशीच. पण ‘सर्व वह्या पाट्या आहेत’ आणि ‘एकही वही पाटी नाही’ या जोडीला ‘किंवा’ लावू नका, कारण काही वह्या पाट्या असून काही नसल्या तर दोन्ही निष्कर्ष एकदम खोटे ठरतात. माझा एक सराव पेपर या एकाच गैरसमजापायी बिघडला होता.

जाता जाता, तुमच्याच विधानांतून ‘काही पुस्तके खडू नाहीत’ हा निष्कर्ष खात्रीने निघतो, कारण जी पुस्तके पाट्या आहेत ती खडू असूच शकत नाहीत. ‘काही खडू पुस्तके नाहीत’ हा मात्र निघत नाही, कारण सगळे खडू पाट्या नसलेल्या पुस्तकांच्या भागात बसू शकतात.

तर्कटमास्तर

ताईंनी आकृत्यांचे नीट सांगितले आहे, त्यामुळे मी शब्दांविषयी लिहितो. कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकविताना माझे असे मत झाले आहे की विद्यार्थ्यांच्या निम्म्या चुका तर्कात नसून वाचनात असतात.

‘काही’ या शब्दाचा तर्कशास्त्रातील अर्थ ‘निदान एक, कदाचित सर्वही’ असा आहे. रोजच्या बोलण्यात ‘काही मुले आली’ म्हटले की बाकीची आली नाहीत असे आपण गृहीत धरतो. परीक्षेत तसे धरायचे नाही. ‘फक्त काही’ म्हटले की मात्र दोन विधाने एकत्र येतात : काही चमचे ताटे आहेत, आणि काही चमचे ताटे नाहीत. गोदाकाठ, तुमची दुसरी चूक येथे आहे. ‘फक्त काही’चे बंधन चमचे आणि ताटे यांच्यातच आहे, ते तुम्ही चमचे आणि वाट्या यांच्यावरही लादलेत. जे चमचे ताटे नाहीत ते वाट्या असू नयेत असे कोणत्याही विधानात म्हटलेले नाही, म्हणून सर्व चमचे वाट्या असण्याची शक्यता शिल्लक राहते. निष्कर्ष ‘सर्व चमचे ताटे असण्याची शक्यता आहे’ असा असता तर तुमचे उत्तर बरोबर ठरले असते.

‘फक्त ताटेच चमचे आहेत’ हे आणखी वेगळे. त्याचा अर्थ ‘सर्व चमचे ताटे आहेत’ असा होतो, म्हणजे पदांची अदलाबदल होते. घाईत ‘सर्व ताटे चमचे आहेत’ असे वाचले की पुढचे सर्व चुकते.

मराठीतून परीक्षा देणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. ‘सर्व पेने पेन्सिली नाहीत’ या वाक्याचा अर्थ ‘एकही पेन पेन्सिल नाही’ असा घ्यावा की ‘काही पेने पेन्सिली नाहीत’ असा, हे आपल्या भाषेत नुसत्या वाक्यावरून ठरत नाही. तर्कशास्त्राच्या मराठी लेखनात म्हणूनच ‘एकही … नाही’ आणि ‘काही … नाहीत’ अशी रचना कटाक्षाने वापरतात. भाषांतरित सराव संचांत मात्र मोघम वाक्ये आढळतात. तसे वाक्य आले तर मूळ इंग्रजी वाक्य पाहून घ्यावे. सरावासाठी संच निवडतानाही जेथे दोन्ही भाषांतील प्रश्न शेजारी असतील तो निवडावा.

विधान उलटविण्याबाबतही एक सांगतो. ‘सर्व अ ब आहेत’ यावरून ‘काही ब अ आहेत’ एवढेच निघते, ‘सर्व ब अ आहेत’ असे नाही. न्यायदर्शनातील (प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातील) जुना दाखला हेच सांगतो : जेथे धूर तेथे अग्नी, पण जेथे अग्नी तेथे धूर असेलच असे नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. (आधुनिक तर्कशास्त्रात ‘सर्व अ ब आहेत’ यावरून ‘काही ब अ आहेत’ एवढेसुद्धा निघत नाही, कारण ‘अ’ अस्तित्वातच नसू शकतो. बँकांच्या परीक्षा अ‍ॅरिस्टॉटलची जुनी परंपराच पाळतात, म्हणून तो वाद परीक्षेच्या हॉलबाहेर ठेवावा.)

काउंटर_क्रमांक_३

सरांच्या मुद्द्याला पुस्ती जोडते. रोज दहा प्रश्नांऐवजी पाचच सोडवा, पण ‘निघत नाही’ असे उत्तर देताना निष्कर्ष मोडणारी आकृती शेजारी काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिले दहा-बारा दिवस घड्याळ लावू नका. मी चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही केली होती आणि प्रत्येक प्रश्नापुढे चूक वाचनाची की आकृतीची एवढेच लिहीत असे. आठवडाभरात पानभर ‘वाचन’ हाच शब्द दिसू लागला.

गोदाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे आठ दिवस सराव केला. काल ‘किंवा’चे सर्व प्रश्न बरोबर आले, पण एका ठिकाणी नवीनच गोंधळ झाला. विधाने : फक्त काही खिडक्या दारे आहेत. सर्व दारे भिंती आहेत. एकही भिंत छत नाही. निष्कर्ष : (१) सर्व छते खिडक्या असण्याची शक्यता आहे. (२) सर्व खिडक्या भिंती असण्याची शक्यता आहे.

पहिल्यासाठी मी छतांचे वर्तुळ खिडक्यांच्या आत, पण भिंतींपासून दूर काढले आणि ते बसले. मात्र त्याच आकृतीत दुसरा निष्कर्ष बसेना. सर्व खिडक्या भिंतींत घातल्या तर खिडक्यांत छत राहूच शकत नाही. म्हणून मी ‘फक्त १ निघतो’ असे उत्तर दिले. उत्तरसूचीत ‘दोन्ही निघतात’ असे आहे. ही छपाईची चूक असावी काय?

तर्कटमास्तर

उत्तरसूची बरोबर आहे, आणि तुम्हाला दिसलेली अडचणही खरी आहे. ती दिसली याचाच अर्थ तुम्ही आता आकृती नीट वाचू लागला आहात. ते दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. पण प्रश्न तसा विचारलेलाच नाही. ‘शक्यता आहे’ असा प्रत्येक निष्कर्ष स्वतंत्रपणे तपासायचा असतो आणि प्रत्येकासाठी नवी आकृती काढण्याची मुभा असते. पहिल्यासाठी तुमची आकृती ठेवा. दुसऱ्यासाठी ती खोडून खिडक्यांचे संपूर्ण वर्तुळ भिंतींत काढा, दारांना त्याचा काही भाग द्या आणि छते बाहेर ठेवा. तिन्ही विधाने शाबूत राहतात.