अंगावर पाजताना वजन कसं उतरवायचं?

प्रश्न: बाळ तीन महिन्यांचं, फक्त अंगावर पितं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर चालू आहे. वजन हलत नाही. खाणं कमी केलं तर दूध आटेल का?

– उपाशी राहू नकोस गं. पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. पण तूप, गूळ, खोबऱ्याचे दोन-तीन मोठे लाडूच तेवढ्या भरतात, जेवण वेगळंच. लाडू एकच, लिंबाएवढा. भाकरी, मुगाची आमटी, पालेभाजी पोटभर. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ.

– चालायला निघण्याआधी पाज, छाती हलकी राहते. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत असतील तर दूध पुरतंय. सिझर असेल तर पोटाचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच.

– पोट बांधून चरबी जात नाही. फार थकवा असेल तर थायरॉइड तपासून घे.