अलॉटमेंटवरचा ओला वसंत : तुमचे अनुभव सांगा

२०२४ चा वसंत इथल्या भाजी लावणाऱ्यांपैकी कोणी विसरला असेल असं वाटत नाही. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे अठरा महिने इंग्लंडमध्ये नोंदी सुरू झाल्यापासूनचे सगळ्यात ओले ठरले. आणि पाच वर्षं यादीत ताटकळून मला अलॉटमेंट (भाजी लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) मिळाली ती नेमकी त्याच मार्चमध्ये.

पूर्ण प्लॉट म्हणजे १० रॉड, साधारण २५० चौरस मीटर, आपल्या भाषेत अडीच गुंठे. मला अर्धा मिळाला. सव्वा गुंठ्याला आमच्या गावात कुणी जमीन म्हणणार नाही, पण मी पहिल्याच शनिवारी कुदळ घेऊन हजर. चिकण माती. कुदळीचं ढेकूळ हाताने काढायचं, मग ते हाताला चिकटायचं, हात पँटला पुसायचा. शेजारच्या प्लॉटवरचे इंग्रज आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी आले, मूठभर माती दाबून गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडून दिला. पचकन बसला, जसाच्या तसा. म्हणाले, हा पडून फुटला पाहिजे, तोवर घरी जा.

संध्याकाळी बाबांना फोनवर सांगितलं तर ते हसले. "अगं, वाफसा नाही आलेला!" लहानपणापासून हा शब्द ऐकत आले होते, कळला रेडिंगमध्ये.

तरी घाई केलीच. एप्रिलमध्ये घेवडा टोकला. तीन आठवडे झाले तरी काही वर येईना म्हणून उकरून पाहिलं. बी टम्म फुगलेलं, दाबलं तर आतून आंबूस वासाचा चिकट लगदा. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की पेरणी, कारण उन्हाळाभर माती तापलेली असते. पाऊस बघून हात शिवशिवतात ती सवय तिथली. इथे पाऊस आणि गारठा एकदमच, आणि घेवड्याला मातीत १२ अंश तरी ऊब लागते. दुसरी खेप मेमध्ये टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांत घरात रुजवून लावली, ती जगली.

तुमचं काय कुजलं, काय वाचलं ते लिहा. सल्ले नंतर देऊ, आधी फजिती.

वालपापडी (लीड्स)

गोगलगायी! शंख असलेल्या परवडल्या, बिनशंखाच्या नकोत. त्या वर्षी रात्री साडेदहाला टॉर्च आणि आइस्क्रीमचा रिकामा डबा घेऊन जायचे. लेट्यूसच्या एकाच वाफ्यातून एका रात्रीत ६३ वेचल्या, मग मोजणं सोडलं. कूर्जेटची (झुकिनी) आठ रोपं लावली, सकाळी आठ दांड्या उभ्या. गोगलगायी मारायच्या जुन्या निळ्या गोळ्यांतलं मेटाल्डिहाइड २०२२ पासून बंद आहे, आता फेरिक फॉस्फेटच्या मिळतात. त्याच वर्षी आर.एच.एस.ने (रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी, इथली बागकामाची मोठी संस्था) गोगलगायींना 'कीड' म्हणणंही बंद केलं. त्यांनी म्हणू नये, मी म्हणते.

लसणाकडे मात्र एकही फिरकली नाही.

सरीवरंबा (पूर्व लंडन)

मी सातगाव पठारचा, त्यामुळे बटाट्याबद्दल बोलायचा हक्क जन्मजात. इथे पुस्तकी पद्धत म्हणजे चर खणून तळाशी बेणं ठेवायचं. त्या वसंतात चरात पाणी साचून निम्मं बेणं सडलं. उरलेलं मी वडलांसारखं वरंब्यावर लावलं. आजूबाजूचे बघायला आले, चहा पिऊन गेले. वरंब्यावरचं सगळं उगवलं.

पण खरा घाला करप्याचा. इथे हटन निकष वापरतात: सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश आणि दोन्ही दिवशी निदान सहा तास ९० टक्के आर्द्रता, की इशारा. मी इशारा वाचला आणि म्हटलं रविवारी बघू. रविवारी पानांवर तपकिरी डाग होते, खालून पांढरी लव. पाला जमिनीलगत कापून टाकला आणि दोन आठवड्यांनी बटाटे काढले, म्हणून थोडे तरी हाती लागले. टोमॅटो गेले ते गेलेच. आता सार्पो मीरा जातीचा बटाटा लावतो. चवीला यथातथा, पण करप्यात उभा राहतो.

आळशी माळी (ग्लासगो)

ओला वसंत म्हणजे नक्की काय वेगळं? आमच्याकडे त्याला वसंत म्हणतात.

गादीवाफे करा, केल लावा, आणि उतारावर रूबार्ब. मी कैरीऐवजी त्याचाच मेथांबा करतो.

एक वैतागलेली (मिडलंड्स)

माझी तक्रार माणसांबद्दल आहे. प्लॉटचा खालचा तिसरा हिस्सा एप्रिल संपेपर्यंत पाण्यात. मेमध्ये कौन्सिलचं पत्र: तुमची जागा लागवडीखाली दिसत नाही, सुधारा नाहीतर परत घेऊ. मी गुडघाबुटात त्या पाण्यात उभं राहून फोटो काढला आणि पाठवला. उत्तर नाही आलं, दुसरं पत्रही नाही.

मग रागाने तिथेच अळू लावलं. इंडियन दुकानातल्या आळकुड्या मार्चपासून खिडकीत कोंब फुटायला ठेवल्या होत्या, जूनमध्ये थंडी पुरती गेल्यावर त्या चिखलात खोचल्या. ऑगस्टअखेर तळहाताहून थोडी मोठी नऊ पानं मिळाली. एक उंडा झाला, चौघांत प्रत्येकी तीन वड्या. नवरा म्हणाला, हिशोब केला तर जगातली सगळ्यात महाग अळूवडी. त्याला दोनच दिल्या, तिसरी मी खाल्ली.

झुणका (बर्लिन)

आमच्या क्लाइनगार्टनमध्ये (अलॉटमेंटचा जर्मन अवतार) निदान एक तृतीयांश जागेवर फळं-भाज्या हव्यात असा दंडक, आणि दुपारी एक ते तीन आवाज बंद. पावसानं उघडीप दिली ती नेहमी एक ते तीनमध्येच.

धागाकर्ती

@वैतागलेली, पानं कोवळी असताना खाजली नाहीत का? चिंच किती घातलीत?

@आळशी माळी, मेथांब्याचं प्रमाण टाका की. माझ्याकडे मागच्या माणसाने लावलेला रूबार्बचा गड्डा आहे, एवढ्या पाण्यात तोच एक खूश होता.

आळशी माळी (ग्लासगो)

अर्धा किलो रूबार्ब, पाव किलोहून थोडा जास्त गूळ, फोडणीत अर्धा चमचा मेथ्या. पाणी अजिबात नको. दांडे गुळात पडले की पाच मिनिटांत गॅस बंद, नाहीतर जॅम होतो. पानं विषारी असतात, ती कंपोस्टमध्ये.